किंमत विचारण्याआधी जन्म विचारा

१. माझ्याकडं बजी जातीचे छोटे पोपट आहेत, म्हणून वडूजमधली ओळखीची माणसं हक्कानं विचारतात, ‘पोपटाचं पिल्लू कुठं मिळंल?’ मी स्पष्ट सांगतो: गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा पोपट विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. ‘पिंजऱ्यातच जन्मलाय’ असं विकणारा म्हणाला तरी सूट नाही.

२. ती पिल्लं येतात कुठून? वडाच्या, लिंबाच्या ढोलीतून. हात आत जावा म्हणून ढोलीचं तोंड फोडतात, म्हणजे पुढच्या हंगामात तिथं अंडी घालायलाही जागा उरत नाही. आमच्या खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात जुनी झाडं मुळात किती? पिसांचे नुसते कोंब फुटलेली पिल्लं खोक्यात एकमेकांवर पडलेली असतात. वाटेत मेलेली गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. त्याला दिसतं ते जगलेलं एक.

३. बजी मूळचे ऑस्ट्रेलियातले, पण आपल्या बाजारातले पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. त्यांच्यासाठी कुणाची ढोली फुटत नाही, म्हणून मी ते पाळतो, विकतोही. तेवढ्यानं हात स्वच्छ होत नाहीत. अंड्यांसाठी मडकं टांगलेलं ठेवलं, राळं भरपूर दिलं, की जोडी विणीमागून वीण घेत राहते. मादी झिजते, अंडं अडकून मरते. मी दोन विणींनंतर मडकं काढून घेतो, कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम लावलेला असतो. विक्री कमी होते, होऊ दे.

४. परदेशी पोपटांत फसवणूक मोठी. आफ्रिकन ग्रे जंगलातून इतका उपसला गेला, की २०१६ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात त्याला सर्वांत कडक यादीत घातलं. पायातली कडी बघा. अखंड कडी पिल्लू अगदी लहान असतानाच चढते, म्हणजे ते पिंजऱ्यातलं असण्याची खूण. सांधा असलेली कधीही, जंगलातून पकडलेल्यालाही अडकवता येते. कडीवरही थांबू नका, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंद मागा. टाळाटाळ झाली तर उठून या.

५. कासवांचंही बघा. लाल कानपट्टीचं परदेशी कासव कासवांच्या शेतीतच पैदा होतं, पण प्रश्न पुढं सुरू होतो. मोठं झालं, टाकी पुरेना, की लोक ते तळ्यात सोडतात. आमच्याकडच्या येरळवाडीच्या तलावात ते टाकणं म्हणजे इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढणं. सांभाळणं जमेना तर सांभाळणारा माणूस शोधा. आणि जखमी रानपाखरू सापडलं तर घरी ठेवू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन लावा.