तिथीची पाऊणकी

बाय, रत्नागिरीहून जैतापूरपर्यंत सायकलने जायचं आणि तेही गाड्यांचा रस्ता टाळून, असं तू ठरवलंयस ते बरं केलंस. 66 नंबरचा महामार्ग तर सोडच, पण किनाऱ्याकडचा सागरी महामार्गही डिसेंबरात शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी भरून जातो. उरतात त्या सड्यावरच्या लाल वाटा, वाडीतले कच्चे रस्ते आणि पुळणी. वायरमन म्हणून माझी नोकरी याच वाटांवर गेली. तुझ्या सायकलीला वीस-बावीस गियर असतील, माझ्या सायकलीला एक होता आणि कॅरियरला शिडी बांधलेली. तरी वाट तीच, म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे, नकाशावरचे किलोमीटर मोजू नकोस. आपल्याकडे वर सडा असतो, खाली खाडी असते आणि मध्ये उभा उतार. सड्यावर असशील तोवर तासाला पंधरा किलोमीटर सहज पडतील. मग एक पऱ्या येतो, तिथे खाली उतरायचं, पलीकडे चढायचं, आणि त्या दोन किलोमीटरांत पाऊण तास जातो. तेव्हा वाट विचारताना ‘किती लांब’ असं विचारू नये. आपल्याकडचा माणूस काय, जवळच म्हणणार. ‘मध्ये पऱ्या लागतो का, पाखाडी आहे का’ असं विचार. पाखाडी म्हणाले तर सायकल खांद्यावर घ्यावी लागणार असं समज. आणि विचारायचं ते डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन निघालेल्या बाईला. ती वाट ती रोज पायाने तुडवते. फोन हातात धरलेला पोरगा तुला फोनमधलीच वाट सांगेल.

विजेचे खांब पाहून जाता येतं असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं मान. खांबांची ओळ शेवटी वाडीत जाते हे खरं, पण तारेला उतार अडवत नाही. ती घळीवरून सरळ पलीकडे जाते. वाट घळीला वळसा घालते. खांब दिसले की दिशा कळली एवढंच, चाक वाटेवरच ठेव.

सड्याची जमीन नीट ओळखायला शीक. उघडा कातळ असेल तिथे टायर छान पकडतो. फक्त पावसाळ्यात साचलेल्या डबक्यांचे खळगे सुकून कोरड्या धारेचे झालेले असतात, त्यांत चाक घालू नकोस. मुरमाची लाल वाट चढताना काही त्रास देत नाही. उतरताना मात्र वरची जांभ्याची बारीक खडी गोट्यांसारखी चाकाखालून पळते. वळणात ब्रेक दाबायचा नाही. वळणाच्या आधीच वेग मारायचा, बूड सीटच्या मागे न्यायचं, मागचा ब्रेक अगोदर आणि पुढचा हलक्या बोटाने. हवेचंही तसंच. डांबरावरची टणक हवा इथे नको. तुझ्यासारख्या पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाला 40 मिलिमीटर रुंदीच्या टायरात तीस-पस्तीस पौंड पुष्कळ झाली. यापेक्षा बारीक टायर घेऊन येणार असशील तर त्यापेक्षा एसटीने ये.

जिवाला धोका चिरेखाणींचा. जांभा खणून काढताना मऊ असतो आणि वाऱ्याला लागला की कडक होतो, म्हणून सगळ्या कोकणाची घरं त्याच्या चिऱ्यांवर उभी राहिली. पण चिरे काढून झाले की खाण तशीच उघडी पडते. भिंत सरळ कापलेली, कडेला कुंपण नाही, तळाशी पाणी. सपाट सड्यावर ती चार हातांवर येईपर्यंत दिसत नाही. तेव्हा संध्याकाळी अंधारून आलं की अनोळखी सड्यावर सायकल चालवायची नाही, दिवा कितीही झगझगीत असो. उतरून ढकलत वाडीकडे जायचं. चालू खाण असेल तर चिऱ्याच्या गाड्या असतात. तुझ्या बिनगाड्यांच्या वाटेवर तेवढी एकच गाडी भेटेल, आणि तिचा ड्रायव्हर धुरळ्यात तुला बघत नसतो. ती दिसली की बाजूला होऊन उभी राहा.

दगडावर बसण्याआधी दगडाभोवती बघ. दगडाखाली हात घालू नकोस. फुरसं वीतभर-दीडवीत असतं, मातीच्या रंगाचं, आणि या सड्यांवर भरपूर. चावलंच तर हालचाल कमी करून थेट सरकारी दवाखान्यात. मंत्राबिंत्राला वेळ घालवायचा नाही, आवळून बांधायचं नाही. कुत्र्यांचं त्यामानाने सोपं. अंगावर आलं की सायकलवरून उतर, सायकल मध्ये धर आणि चालत राहा. पळणाऱ्या चाकामागेच ती लागतात.

आता पुळणीचं. मऊ वाळूत सायकल ओढणं म्हणजे शिक्षा, आणि ओल्या घट्ट वाळूवर चालवणं म्हणजे सुख. ते सुख ओहोटीतच मिळतं. भरतीची वेळ काढायला मला कधी फोन लागला नाही. तिथीची पाऊणकी करायची. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, आले तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती भरलेली. दिवसाही आणि रात्रीही. त्याच्या अलीकडे-पलीकडे सव्वासहा तासांवर ओहोटीचा तळ, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, समुद्र फारसा मागे जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी लांब ओसरतं, पण ओसरतं भल्या पहाटे आणि संध्याकाळी. सकाळचं ऊन तापायच्या आत पुळण हवी असेल तर तृतीया, चतुर्थी, पंचमी हे दिवस धर. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे पाणी उतरत असतानाच वाळूवर जायचं, चढत असताना नाही. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही, हे शहरातल्या माणसांच्या पटकन ध्यानात येत नाही.

गणेशगुळे आणि गावखडीच्या पुळणी तुझ्या वाटेवर आहेत. तिथेही ओल्या पट्ट्यातच राहा. भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत थंडीत कासविणी अंडी घालतात. घरट्याभोवती जाळी दिसेलच, पण सापडलेल्या घरट्यालाच जाळी असते. आणि खाडीच्या मुखाशी पाणी गुडघाभर दिसलं म्हणून पलीकडे जायचा मोह करू नकोस. खाली चिखल असतो, आणि पाणी चढायला लागलं की तू सायकल सोडायची नाहीस. मुचकुंदीवर पूर्णगडला पूल आहे, तो घे. पूल नव्हते तेव्हा आम्ही होडीत सायकल आडवी घालायचो, चाक बाहेर पाण्यावर. दापोलीकडून आली असतीस तर दाभोळ-धोपाव्याला 2003 पासून गाड्यांची मोठी फेरीबोट आहे. तिच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे चालत उतरायचं.

पुळणीवरून आलीस की त्याच रात्री सायकल धुवायची. विहिरीचं गोडं पाणी, बालदी आणि फडकं, बस. चेन पुसून वाळव, मग दोन थेंब तेल. दोनच. तेल जास्त झालं की लाल धुरळा त्यात कालवला जातो आणि चेन रंध्यासारखी घासत राहते.

वाऱ्याशी भांडू नकोस. थंडीत सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, सौम्य असतो. दुपारी खारा वारा सुटतो, तो वायव्येकडून. तू दक्षिणेला चाललीयस म्हणजे तो पाठीला लागेल, म्हणून मी रत्नागिरीहून खाली ये म्हटलं, जैतापूरहून वर नको. पाणी माणशी तीन लिटर ठेव. सड्यावर पावसाळ्यानंतर सावलीही नाही आणि पाणीही नाही, दोन्ही खाली वाडीत. कुठल्याही घरी मागितलंस तर पाणी मिळेल, बहुतेक गुळाच्या खड्यासकट. पेज मिळाली तर नाही म्हणू नकोस. मिठाची पेज प्यायलेल्याला तुझ्या त्या पाण्यात कालवायच्या रंगीत पुड्या लागत नाहीत.

आंबाबागांतून जाताना गडग्याचं बेडं उघडलंस तर लावून घे, गुरं आत शिरतात. मोहोर आला की राखण बसते, राखणदार बहुतेक नेपाळी असतो, त्याला विचारून जा. चूल-शेगडी सड्यावर पेटवायची नाही. वाळलेल्या गवताला ठिणगी पुरते आणि वणव्यात दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या कलमबागा जळतात. कशेळीच्या सड्यावर हत्तीचं भलंमोठं कातळशिल्प आहे, पोटात इतर प्राणी कोरलेले. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्याच्या कितीतरी आधीपासून गुराखी पोरं त्यांच्याजवळ बसून डबा खायची. सायकल लांब ठेव, रेघांवर चढू नकोस.

जेवणाचं मात्र आदल्या रात्री ठरव. आडिवऱ्याला किंवा नाट्याला ऐन वेळी दारात उभं राहून ताट मागशील तर मिळणार नाही. घरगुती खानावळीत माणसं मोजून तांदूळ धुतात. दुपारी एक ते चार दुकानं बंद, तेव्हा बिस्किटं आधीच घेऊन ठेव. आणि सकाळची पुळण मिळावी म्हणून कृष्ण पक्षातली चतुर्थी धरणार असशील तर ती संकष्टी. त्या दिवशी बऱ्याच घरी मासे शिजायचे नाहीत. मोदक मिळतील, पण चंद्र उगवल्यावर.