घरची वही आणि दूरची खिडकी

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी देवघराजवळच्या फडताळात किंवा स्वयंपाकघरातील डब्यांच्या आड एक लांबट वही असते. वरती 'श्री', डाव्या अंगास जमा, उजव्या अंगास खर्च, आणि महिन्याच्या अखेरीस तांबड्या शाईने ओढलेली रेघ. आमच्या घरी बोलणेचालणे सारे कोंकणीत. परंतु ही वही मराठीत लिहिण्याचा परिपाठ आजोबांपासून चालत आला आहे. आजोबांमागून ती आईच्या हाती आली आणि गेली कित्येक वर्षे किराणा, मासळी, वीज, औषधपाणी यांतील एकही पैसा तिच्या नजरेतून निसटलेला नाही.

गतवर्षी ही वही मोबाईलमध्ये नेण्याचा उद्योग आम्ही दहावीच्या पाच विद्यार्थ्यांना हाताशी धरून आरंभिला. आम्ही कला शाखेचे पदवीधर. संगणकशास्त्र आम्हांस गुरुमुखातून लाभलेले नाही. जे थोडेबहुत उमगले ते ठेचा खात उमगले. त्या ठेचांचाच वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे.

साधन म्हणून आम्ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी चालविते ते 'ॲप इन्व्हेंटर' निवडले. त्यात आज्ञांचे ठोकळे एकमेकांत बसवून ॲप रचता येते, त्यामुळे नवख्या माणसाचे भय निम्मे उणे होते. प्रत्येक बाबीस महिन्याची एक मर्यादा नेमून द्यावयाची, खर्च लिहिताच ती रक्कम मर्यादेतून वजा करावयाची आणि उरलेली शिल्लक दाखवावयाची, एवढेच आमचे अंदाजपत्रक. एकाच फोनपुरते हे काम आठ दिवसांत उरकले. अडचण पुढे आली. आईचा फोन निराळा, आमचा निराळा. बाजारहाट ती करते, विजेचे बिल आम्ही भरतो. दोन फोन आणि हिशेब एक, तर तो हिशेब दोहोंच्या बाहेर कोठेतरी राहिला पाहिजे व दोघांस तेथवर पोहोचता आले पाहिजे. येथूनच वेब सर्व्हिसची गरज सुरू होते.

वेब सर्व्हिस म्हणजे काय? सरकारी कचेरीत दाखला काढावयास गेलेल्या माणसास दप्तराच्या कपाटापर्यंत कोणी जाऊ देत नाही. त्याने खिडकीशी ठराविक नमुन्यात अर्ज द्यावयाचा, आतील कारकुनाने तो तपासावयाचा, दप्तर पाहावयाचे आणि उत्तर बाहेर द्यावयाचे. वेब सर्व्हिस ही अशीच एक खिडकी होय. भेद इतकाच की, अर्जदार माणूस नसून दुसरा प्रोग्रॅम असतो व उत्तर देणाराही प्रोग्रॅमच असतो. अर्जाचा नमुना आणि खिडकीचे नियम मिळून जे होते त्यास एपीआय म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत ज्या वेबची योजना मांडली, त्याच वेबचे टपालखाते या अर्जांची नेआण करते. माहिती मागावयाची तर 'गेट' जातीचा अर्ज, नवी नोंद द्यावयाची तर 'पोस्ट' जातीचा. उत्तराच्या माथ्यावर तीन आकडी खूण असते. २०० म्हणजे काम झाले. ४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाही. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलेत, थोडे थांबा. आणि ५०० म्हणजे दोष आमच्याकडील आहे. कचेरीच्या खिडकीने हा शेवटचा आकडा कधी उच्चारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

अर्जातील मजकूर बहुधा 'जेसन' नावाच्या रचनेत लिहितात. बाबीचे नाव, पुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि मग तिचे मोल, अशी ती साधी मांडणी आहे. 'बाब' पुढे 'मासळी', 'रक्कम' पुढे आकडा. बाबीची नावे देवनागरीत लिहिली तरी चालतात, हे पाहून आमच्या मुलांस फार आनंद झाला. पण त्यांपैकी एकाने उत्साहाच्या भरात रक्कमही देवनागरी अंकांत धाडली आणि सर्व्हरने अर्ज परत फिरविला. जेसनच्या नियमांप्रमाणे संख्या रोमन लिपीबरोबर वापरल्या जाणाऱ्या अंकांतच लिहावी लागते. पडद्यावर दाखविताना ती पुन्हा देवनागरीत आणावी, म्हणजे आईला वाचावयास सोयीचे.

संख्यांचा विषय निघालाच आहे, तर तेथील एक खोल खड्डा दाखवून ठेवू. संगणकास ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली असता पुष्कळशा भाषांत उत्तर ०.३ येत नाही. तीननंतर पंधरा शून्ये आणि सतराव्या स्थानी चार असे उत्तर येते. मुलांना वाटले यंत्र बिघडले. वस्तुतः दोष आपल्या अपेक्षेत आहे. एकतृतीयांश दशांशात लिहू लागलो तर ०.३३३ असे न संपणारे शेपूट निघते, हे तुम्ही सातवीत शिकला आहात. संगणक दशमान पद्धतीने नव्हे, तर शून्य व एक या दोनच अंकांनी मोजतो. त्याच्या पद्धतीत एकदशांशाचेच शेपूट संपत नाही. ते कोठेतरी तोडावे लागते, व तोडलेला तुकडा बेरजेत डोके वर काढतो. यावर उपाय अगदी जुना आहे: रुपयांत मोजूच नये, पैशांत मोजावे. बारा रुपये पन्नास पैसे म्हणजे १२५० ही पूर्ण संख्या. पूर्ण संख्यांची बेरीज संगणक चुकत नाही. रुपयाचा दशांशचिन्ह असलेला आकडा फक्त पडद्यावर दाखविण्यापुरता करावा.

दुसऱ्याच्या खिडकीशी जाण्याचा खरा प्रसंग आला तो परकीय चलनामुळे. आमच्या पाच जणांपैकी एका मुलीचे वडील दुबईस नोकरीला आहेत. घरी पैसे येतात ते दिरहॅमचे रुपये होऊन. गोव्यात अशी घरे थोडी नाहीत. तिला ॲपमध्ये दिरहॅम लिहावयाचे होते. युरोपीय मध्यवर्ती बँक प्रत्येक कामकाजाच्या दिवशी, तिकडील दुपारी चारच्या सुमारास, सुमारे तीस चलनांचे युरोशी असलेले संदर्भ-दर प्रसिद्ध करते व ते प्रोग्रॅमला वाचता येतील अशा फायलीत कोणासही विनामूल्य मिळतात. त्या यादीत रुपया आहे, अमेरिकन डॉलर आहे. दिरहॅम मात्र नाही. मुलगी खट्टू झाली. तेव्हा तिला आम्ही सांगितले की, संयुक्त अरब अमिरातीने आपले चलन १९९७ पासून डॉलरला बांधून टाकले आहे: एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम. मग त्रैराशिकाने काम भागते. समजा, एका युरोस ९० रुपये व १.०८ डॉलर असा भाव आहे. ९० ला १.०८ ने भागले की एका डॉलरचे ८३.३३ रुपये, त्यास ३.६७२५ ने भागले की एका दिरहॅमचे सुमारे २२.६९ रुपये. तिने हा ठोकळा स्वतः जोडला.

तथापि दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. हा दर केवळ माहितीसाठी असतो. पैसे पाठविणारी पेढी आपला नफा कापून निराळा भाव देते. आणि मे महिन्यात आलेल्या रकमेचे मोल मे महिन्याच्या भावानेच कायम राहिले पाहिजे. आमच्या पहिल्या प्रयत्नात ॲप जुन्या नोंदीही रोजच्या नव्या भावाने पुन्हा मोजी, आणि गेल्या महिन्याची शिल्लक दररोज सकाळी बदललेली दिसे. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर त्या दिवशीचा दर व तारीख लिहून ठेवण्याची तजवीज केली.

आता आमच्या मोठ्या चुकीकडे वळतो. पावसाळ्यात आमच्या गावी मोबाईलचे जाळे येते-जाते. जुलैमध्ये आईच्या चष्म्याचे व डोळ्यांच्या तपासणीचे ४८०० रुपये आम्ही ॲपमध्ये लिहिले. अर्ज सर्व्हरपर्यंत पोहोचला, नोंद झाली. परंतु परतीचे उत्तर वाटेत हरवले. उत्तर न आल्यामुळे ॲपने, आम्हीच शिकविल्याप्रमाणे, तोच अर्ज पुन्हा धाडला. सर्व्हरने त्यासही निमूटपणे २०० अशी खूण दिली. खर्च ९६०० झाला.

त्या महिन्यापासून आईने, आमच्याच आग्रहावरून, वही लिहिणे थांबविले होते. शिल्लक तोकडी दिसते म्हणून तिने कोणासही न सांगता चतुर्थीच्या खर्चात हात आखडता घेतला. आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न त्याच वर्षी झालेले. पहिल्या चतुर्थीस माहेरून तिच्या सासरी जे वजे जावयाचे, त्यातील नेवऱ्या तिने निम्म्या केल्या. बहीण काही बोलली नाही. चतुर्थी होऊन गेल्यावर चष्म्याची पावती हाती लागली, तेव्हा आईने फोनवरील दोन ओळींवर बोट ठेवले आणि म्हणाली, "तुजें यंत्र दोनदां मेजता!" मेजता म्हणजे मोजते. आम्हांस उत्तर सुचले नाही.

दोष जाळ्याचा नव्हता, सर्व्हरचाही नव्हता. उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही असा आम्ही धरून चाललो, तेथे चुकलो. पत्राचे उत्तर आले नाही म्हणजे पत्र पोहोचलेच नाही, असे थोडेच असते? उपाय पावतीपुस्तकात आहे. पावतीवर अनुक्रमांक आधीच छापलेला असतो. तीच पावती दोनदा दाखविली तरी खजिनदार एकदाच जमा धरतो. तद्वत् आता नोंद लिहिली जाताच फोनच तिला एक लांबलचक क्रमांक देतो, तो इतका लांब की दुसऱ्या फोनवर योगायोगाने तोच येण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. नोंद प्रथम फोनमध्येच जतन होते. जाळे आले की क्रमांकासह सर्व्हरकडे जाते. आणि तो क्रमांक आधीच दप्तरी असेल तर सर्व्हर नवी ओळ न लिहिता केवळ 'पोहोचले' एवढे कळवितो. मग ॲपने दहा वेळा अर्ज धाडला तरी हरकत नाही. हा बदल करावयास दोन दुपारी पुरल्या. तो जूनमध्ये सुचावयास हवा होता.

बँकेची नोंद आपोआप ॲपमध्ये का येऊ नये, असे मुलांनी विचारले. प्रश्न योग्य आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१६ साली 'अकाउंट ॲग्रिगेटर' नावाच्या मध्यस्थांविषयी नियम केले, व २०२१ पासून मोठ्या बँका त्या व्यवस्थेत सामील होऊ लागल्या. तीत तुम्ही संमतिपत्र देता: कोणत्या खात्याची, किती काळाची, कोणत्या कामासाठी माहिती द्यावयाची, आणि ती संमती पुढे मागे घेता येते. मध्यस्थाकडून माहिती जाते ती कुलूपबंद. ती उघडून वाचण्याची मुभा त्याला नाही. योजना आम्हांस उत्तम वाटते. परंतु माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकाच्या देखरेखीखालील असावी लागते. शाळेतील पाच मुलांस व एका मास्तरास ती खिडकी उघडी नाही, आणि नसावी हेच बरे. बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी मागून 'आम्ही सारे आपोआप भरून देतो' असे म्हणणारे ॲप आढळले, तर ते त्याच क्षणी फोनमधून काढून टाकावे. आलेले सर्व संदेश वाचण्याची परवानगी मागणाऱ्या ॲपकडेही आम्ही संशयानेच पाहतो; त्या संदेशांत बँकेच्या नोंदींबरोबर बहिणीचे पत्र व डॉक्टरांची वेळही असते.

आमच्याकडूनही एक कानाडोळा झाला होता. सर्व्हरच्या खिडकीशी ओळख पटविणारी गुप्त किल्ली आम्ही ॲपमध्येच लिहून ठेवली होती. ॲप ज्याच्या हाती जाते त्याला ते उकलून आतील मजकूर वाचता येतो; म्हणजे किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवण्यासारखेच झाले. ती आम्ही रद्द केली. आता प्रत्येकाने आपल्या पासवर्डने आत यावयाचे, आणि सर्व्हरने त्यास मुदतीचे टोकन द्यावयाचे. मुदत सरली की पुन्हा ओळख पटवावयाची. मुलांच्या घरचे हिशेब आमच्या सर्व्हरवर घेण्याचा बेतही त्याच सुमारास सोडला. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आणि कायद्याचे राहो, शेजाऱ्याच्या घरी महिन्याकाठी काय शिल्लक उरते हे मास्तरास ठाऊक असण्याचे कारणच काय? मुले आपापल्या घरी एकाच फोनपुरते ॲप वापरतात.

आईने वही पुन्हा सुरू केली आहे. महिन्याच्या अखेरीस ती चष्मा लावून एकेक ओळ मोठ्याने वाचते व आम्ही फोन हाती धरून ताळा पाहतो. मागील महिन्यात वीस रुपयांचा फरक निघाला. देवळापाशी घेतलेल्या अबोलीच्या वेणीचे ते पैसे तिने वहीत लिहिले होते. दिले होते आमच्या खिशातून, आणि ॲपमध्ये लिहावयास आम्ही विसरलो होतो.