गाळ मोजायचाय? आधी होडीखालचं पाणी बघा

घोडेगावहून डिंभे धरणात गाळ मोजायला होडी घेऊन निघालेल्यांना मी आधी एकच विचारतो, ट्रान्सड्यूसर, म्हणजे खोली मोजायला पाण्यात ध्वनिलहर सोडणारा भाग, कुठे बसवलाय? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "मागच्या फळीवर, इंजिनाला लागून. तिथे स्क्रू मारायला सोपं."

आम्हाला मिळालेल्या होडीवरही तो तिथेच होता. होडी उभी असली की खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तळ स्वच्छ दिसायचा. वेग धरला की आकडे उडायचे. जुनं आंबेगाव जिथे पाण्याखाली गेलं, त्या बाजूला वजन बांधलेला दोर खोल जात राहायचा आणि यंत्र मात्र दोन-अडीच मीटरच दाखवायचं. बॅटरी बदलली, वायर बदलली, फरक शून्य. दोष जागेत होता. ध्वनिलहर पाण्यातून सेकंदाला साधारण दीड किलोमीटर धावते, पण इंजिनाच्या पंख्याने घुसळलेल्या पाण्यातले हवेचे बुडबुडे तिला वाटेतच विखुरतात.

म्हणून भोक पाडण्याआधी कामाच्या वेगाने होडी चालवायला लावा, लाइफ जॅकेट घालून कडेवरून वाका आणि फेस कुठून वाहतो ते नीट बघा. रिव्हेट, जोडपट्टी यांच्या मागची जागा नकोच. मागची फळीच वापरायची असेल तर पंख्यापासून निदान 38 सेंटिमीटर लांब राहा. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर उजवी बाजू घ्या. तिथली पाती खाली जातात. डावीकडची वर येताना बुडबुडे उचलून आणतात.

गाळाच्या मोजणीला मात्र माझा कौल होडीच्या मध्याला. कडेला उभा पाइप, खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर, वरच्या टोकाला जीपीएसचा अँटेना. लाटांवर होडीची टोकं उचलतात-आपटतात, मध्य त्यामानाने स्थिर. पाइप दोन्हीकडून दोरांनी ताणून घ्या. तो 5 अंश कलला तरी 30 मीटर खोलीवर नेम अडीच मीटरांहून जास्त सरकतो, आणि डिंभ्याचा तळ म्हणजे सह्याद्रीचे उतार, खाचरं, ओढे. तेवढ्या अंतरात खोली सहज बदलते.

ट्रान्सड्यूसर पाण्यात किती बुडालाय ते रोज माणसं आणि इंधन चढवल्यावर मोजा आणि खोलीत मिळवा. समजा तो 30 सेंटिमीटर बुडालाय आणि ते मिळवायचं विसरलं, तर एका चौरस किलोमीटरला 30 कोटी लिटर पाणी हिशेबातून गायब होतं आणि तेवढा गाळ कागदावर वाढतो. डिंभे ज्यात येतं त्या कुकडी प्रकल्पाचं पाणी श्रीगोंदा-कर्जतपर्यंत वाटायचं असतं, त्यामुळे ही चूक शेवटी कुणाच्या तरी आवर्तनात उतरते. म्हणून निघण्याआधी साखळीने लोखंडी पाटी ट्रान्सड्यूसरखाली, पाण्याच्या पृष्ठभागापासून 5 मीटरवर सोडा. यंत्राने 5 दाखवले तरच पुढे निघा.

पाइपाला बिजागरी हवीच. बुडालेलं खोड किंवा मच्छीमारांचं जाळं आडवं आलं तर तो झटकन वर घेता आला पाहिजे. परत खाली सोडला की पाटीची तपासणी पुन्हा करा.