पहिले तर झालात, पण खेळणार कोणाशी?

"सर, माझ्याच गल्लीत दुसऱ्याने पोळी-भाजी केंद्र उघडलं, आता माझं कसं होणार?" दर बॅचमध्ये कुणीतरी हे विचारतंच. आज उत्तरासाठी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात जाऊ, एका हौशी फुटबॉल क्लबकडे.

नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट हे दोघे क्रिकेट खेळणारे. हिवाळ्यात क्रिकेट बंद, मग अंग मोकळं कसं राहणार? म्हणून २४ ऑक्टोबर १८५७ ला त्यांनी शेफील्ड फुटबॉल क्लब काढला. ऑफिस म्हणजे ओळखीच्यांच्या आवारातलं झाडांच्या कुंड्या ठेवायचं काचघर, मैदान म्हणजे शेजारचं शेत. (भाड्याचा गाळा मिळेपर्यंत थांबलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा!) आजही चालू असलेला जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब तो हाच.

पण खरी अडचण पुढेच होती. शहरात दुसरा क्लबच नाही! मग आपसातच दोन तट पाडायचे, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. गंमत वाटते, पण स्पर्धक नसलेला धंदा असाच असतो. गिऱ्हाईकाला तुमची वस्तू काय आहे इथपासून सांगावं लागतं, आणि ते समजावण्याचा सगळा खर्च तुमच्या एकट्याच्या खिशातून.

त्या काळात त्यांनी एक काम मात्र चोख केलं. तेव्हा जो तो आपापल्या पद्धतीने फुटबॉल खेळायचा. क्लबने १८५८ मध्ये स्वतःचे नियम ठरवले, पुढच्या वर्षी छापलेही. त्यात चेंडू हाताने ढकलायला परवानगी होती, धरून ठेवायला नाही! पण नियम कागदावर आले, म्हणजे नवख्यालाही तोच खेळ खेळता येऊ लागला.

आणि तो नवखा आलाच. १८६० मध्ये शेजारी हॅलम क्लब निघाला. २६ डिसेंबरला सँडीगेटच्या मैदानावर दोघांचा सामना झाला, दोन क्लबमधला पहिला सामना म्हणून तो आज ओळखला जातो. शेफील्ड २-० ने जिंकलं. लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे बघायला कोण येणार होतं? गाव विरुद्ध गाव म्हटलं की चुरस आली.

आता कडू भाग. १८६७ मध्ये याच परिसरात १२ संघांची यूडन कप स्पर्धा झाली. जिंकलं कोण? हॅलम! शेफील्ड क्लब तर त्यात उतरलाच नव्हता. म्हणजे बाजार तयार करणाऱ्यालाच मलई मिळते, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तो नियमांचा कागद मात्र क्लबने जपला. २०११ मध्ये लंडनच्या लिलावात जुन्या दप्तरासह तो ८,८१,२५० पौंडांना गेला.

तेव्हा ताई, समोरच्या केंद्रात आज जेवून या. आणि तुमच्या भाजीचं प्रमाण अजून डोक्यातच असेल, तर रात्री वहीत उतरवा, तारखेसकट.