भूकंपानंतर इमारतीचा दोलनकाल का वाढतो?

प्रश्न : भूकंपानंतर आमच्या इमारतीचा दोलनकाल वाढल्याचे मोजणीत दिसले. इमारत अधिक लवचीक, म्हणून अधिक सुरक्षित झाली का? – एक वाचक

उत्तर : दोलनकाल म्हणजे एक झोका पूर्ण होण्यास लागणारा वेळ. तो वस्तुमान व ताठरता यांवर ठरतो. तडे गेले की ताठरता घटते. ती निम्मी झाली तर दोलनकाल सुमारे ४१ टक्के वाढतो. ही वाढ बळकटीची नव्हे, हानीची खूण असू शकते. शिवाय मऊ, खोल मातीवर दीर्घ दोलनकालाच्या इमारतीला धक्का अधिक बसू शकतो.

मात्र प्रत्येक वाढ धोक्याची नसते. कॅलिफोर्नियातील नऊमजली मिलिकन ग्रंथालयाचा पूर्व-पश्चिम दोलनकाल १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात सुमारे ०.७ वरून १ सेकंदापर्यंत गेला. नंतर तो बराच उतरला, तरी मूळ आकड्यावर आला नाही; इमारत वापरात राहिली. इमारतीचा भार न पेलणाऱ्या भिंतींचे तडे, तापमान व पाऊस यांमुळेही आकडा बदलतो.

त्यामुळे जुन्या नोंदीशी तुलना करून संरचना अभियंत्याकडून खांब, तुळया व त्यांचे सांधे तपासून घेणे योग्य. गरजेनुसार तड्यांत इपॉक्सी भरता येते किंवा खांबांना जॅकेटिंग (भोवती काँक्रीट वा पोलादाचे वेष्टन) करता येते. तपासणीपूर्वी तडे गिलाव्याने झाकू नयेत. खांबाला तिरपे तडे असल्यास किंवा सळया उघड्या पडल्यास इमारत तात्पुरती रिकामी करावी.