विधिमंडळातील बाबासाहेब

बाबासाहेब म्हटले की आपल्या घरच्या मुलांना राज्यघटना आठवते, दीक्षाभूमी आठवते. पण त्याआधी ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळात आमदार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९२७ साली ते सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात गेले. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून निवडून आले. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता.

१९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महार वतनदार गावकीच्या कामाला रात्रंदिवस बांधलेला असे. तो घरी नसला तर बाप, भाऊ, जो हाती लागेल त्याला कामावर धरीत. मोबदला काय, तर तुटपुंजी इनाम जमीन आणि खळ्यावर जाऊन मागायचे बलुते. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की ज्याला ही चाकरी नको त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा व मोकळे व्हावे. जो चाकरी करील त्याचे बलुते सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून त्याला द्यावे. स्वस्तातली जमीन सोडा, सारा भरा, हे आपल्याच लोकांना सांगणे सोपे नव्हते. वतनात मान मानणारे आपल्यातही होतेच. पण खळ्यावर पसरलेला हात गावापुढे उठत नाही, आणि हे विधेयक नेमके त्या हातासाठी होते. ते मंजूर झाले नाही. १९२९ साली मागे घ्यावे लागले.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. आपल्याकडील वृद्धांनी मालगुजार पाहिला आहे. कोकणातल्या कुळांच्या डोक्यावर तसाच खोत होता. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. तरी विधेयक पुढे सरकले नाही.

कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा देणाऱ्या विधेयकाला मात्र यश आले. ते बाबासाहेबांनी मांडलेले नव्हते, पण १९२८ साली त्यांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबईत कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षी मध्यप्रांतातही तसा झाला. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत राबणाऱ्या आयाबहिणींच्या दृष्टीने ही दूरची गोष्ट नव्हती.

“आमच्या आमदाराने किती बिले पास केली?” असा हिशेब आपण नेहमी करतो. त्या हिशेबाने बाबासाहेबांच्या खात्यावर फारसे काही दिसणार नाही. पण खोती १९४९ च्या कायद्याने गेली. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

ही भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ साली काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहेत. घरात कॉलेजात जाणारा मुलगा वा मुलगी असेल तर वतनावरचे भाषण त्यांनी वाचावे व विहारात मराठीत सांगावे. त्याच दिवशी वडीलधाऱ्यांना विचारावे, आपल्या गावी कोतवालीचे काम कोणाकडे होते आणि त्याला वर्षाकाठी काय मिळे.