देवगिरीची लढाई कशी शोधायची? पुस्तकापासून पारावरच्या वीरगळापर्यंत



इयत्ता सातवीच्या इतिहासात देवगिरीच्या यादवांचा उल्लेख येतो. सन १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि राजा रामचंद्रदेव, म्हणजे रामदेवराय, हरला. एवढ्यात विषय संपतो. मुलं मात्र विचारतात, "एवढा बळकट किल्ला असून राजा हरला कसा?" आणि एखादं विचारतं, "हे सगळं लिहून कुणी ठेवलं?" हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. आजचा पाठ त्याच प्रश्नावर.

आपला काय संबंध?

ही लढाई दूरची नाही. तेव्हा आपला मुलूख यादवांच्याच राज्यात होता. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव १२७० साली जन्मले असं मानलं जातं. म्हणजे देवगिरीवर घाला पडला तेव्हा ते २६ वर्षांचे होते. औंढा नागनाथाच्या मंदिराच्या खालच्या भागातलं कोरीव काम आजही तो जुना काळ डोळ्यांसमोर उभा करतं.

लिहिणारा कोण, कधीचा, कुठला?

या स्वारीची हकिकत मुख्यतः फारसी ग्रंथांत आहे. तीन लेखक पाहू.

१) इसामी : याने १३५० च्या सुमारास दख्खनेत राहून काव्यात इतिहास लिहिला. लासूरचा कान्हा नावाचा सरदार खलजीला आडवा गेला आणि दोन स्त्रियाही शौर्याने लढल्या, असं तो सांगतो.

२) बरनी : याचा ग्रंथ १३५७ चा, दिल्लीच्या बाजूचा. खलजीबरोबर तीन-चार हजार घोडेस्वार आणि दोन हजार पायदळ होतं, असं तो म्हणतो.

३) फरिश्ता : हा विजापूरच्या दरबारातला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो आठ हजार स्वार सांगतो. किल्ल्यावर धान्य समजून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, ही प्रसिद्ध गोष्टही त्याच्याच ग्रंथात येते.

आता मुलांना फळ्यावर वजाबाकी करायला लावा. बरनी घटनेनंतर ६१ वर्षांनी लिहितो, फरिश्ता तीनशेहून जास्त वर्षांनी. मग मिठाच्या गोण्यांवर किती भरवसा ठेवायचा? गोष्ट खोटीच आहे असं लगेच म्हणायचं नाही. "फरिश्ता असं सांगतो" एवढंच म्हणायचं. मोबाईलवर येणाऱ्या इतिहासाच्या मेसेजला हीच चाळणी लावा : कोण सांगतो, कधी सांगतो, कशावरून सांगतो? अर्ध्याहून जास्त मेसेज तिथेच गळून पडतील.

आपल्या बाजूचा पुरावा

मराठीतही साधनं आहेत. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, तिच्या शेवटी रामचंद्र राजाचं नाव येतं. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ मधला आहे. देवळाला कुणी काय दिलं याची त्यात नोंद आहे, आणि देणाऱ्यांत खुद्द राजा आणि हेमाद्री पंडितही आहेत. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. मुलांकडून ही दोन गणितं करून घ्या.

पण राजा सापडला, मंत्री सापडला. साधा शिपाई कुठंय?

शिपायाचं नाव

त्याच १२९६ साली तिकडे इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडवर स्वारी केली. त्याच्या फौजेच्या पगाराचे चामड्यावर लिहिलेले हिशोब बरेच टिकले आहेत. पुढे १३६९ ते १४५३ या काळातल्या सैनिकांच्या नोंदी तिथल्या दोन विद्यापीठांतल्या संशोधकांनी संगणकावर आणल्या. आज कुणीही घरबसल्या एखाद्या धनुर्धाऱ्याचं नाव शोधू शकतो.

आपल्याकडे शिपायाची आठवण दगडावर राहिली. तो दगड म्हणजे वीरगळ. तो खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, कधी बाजूला गाई. गाई दिसल्या तर चोरांपासून गुरं सोडवताना तो मेला, असा अर्थ घेतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो.

बहुतेक वीरगळांवर अक्षरं नसतात. त्यामुळे "हा देवगिरीच्या लढाईतलाच" असं ठोकून द्यायचं नाही. पण गावासाठी कुणीतरी जीव दिला, एवढं तो नक्की सांगतो. त्या माणसाचा दुसरा कागद कुठेच नाही. असे दगड शेंदराच्या थराखाली बुजतात, कुठे धुणं धुवायला लागतात, कुठे जीर्णोद्धारात भरावात जातात. दगड गेला की तो माणूस दुसऱ्यांदा मेला.

उपक्रम : आपल्या गावचा वीरगळ

• मारुतीचा पार, जुनी वेस, महादेवाचं देऊळ, नदीकाठ इथे पाहा.
• दगड हलवू नका, घासू नका, रंग किंवा खडू लावू नका. लोक पूजा करत असतील तर आधी विचारा.
• सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा. कोरीव काम उठून दिसतं.
• उंची-रुंदी मोजा, चौकटी मोजा, वहीत चित्र काढा.
• गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "याला काय म्हणतात?" सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहा.
• अक्षरं दिसली तर अंदाजाने वाचू नका. फोटो राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे किंवा जाणकार अभ्यासकाकडे पाठवा.

स्वाध्याय

१) बरनी आणि फरिश्ता यांच्या आकड्यांत किती फरक आहे? तो का पडला असेल?
२) वीरगळ खालून वर का वाचतात?
३) वहीत दोन रकाने करा : "पुरावा सांगतो" आणि "लोक सांगतात". गावची एक गोष्ट घेऊन दोन्ही भरा.

तिसरा प्रश्न मुलांनी घरी आजी-आजोबांजवळ बसून सोडवावा. दुसरा रकाना भरायला तेच लागतात.